आईचं हिमोग्लोबिन ६.२, क्रिएटिनिन ४.१, शुगर सोळा वर्षांची: रक्त चढवायचं का इंजेक्शन द्यायचं?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई जिंतूरकडच्या, वय ५८, सोळा वर्षांपासून शुगर, बीपीची गोळी चालू, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी) ४.१, हिमोग्लोबिन ६.२. पाय सुजायलेत, न्हाणीतून खोलीपर्यंत आलं तरी दम लागतो. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ५.६ आलंय म्हणून घरात सगळे खूश की चला शुगर तरी गेली. गावातल्या डॉक्टरनं आयर्नचं सिरप दिलं, दोन महिने झाले फरक नाही. परभणीत एक जण म्हणले दोन पिशव्या रक्त चढवा, दुसरे म्हणले किडनीवाल्यांचं रक्तवाढीचं इंजेक्शन सुरू करा, आणि पाहुण्यांनी सांगितलं की त्या इंजेक्शननं लकवा मारतो. आता ऐकायचं कुणाचं.

मी या भागात बरीच वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आणि असा पेशंट आमच्याकडं नवीन नाही. खरं सांगू का, यातलं कुणीच पूर्ण चूक नाही, पाहुणेसुद्धा नाहीत. गडबड क्रमाची आहे. आज जिवाला धोका आहे का हे आधी, मग रक्त कशानं कमी झालं ते, मग आयर्न भरायचं, मग इंजेक्शन, आणि ते सुद्धा हळू हळू चढवत ११ च्या आसपास थांबायचं. हा क्रम उलटा केला की पैसाही जातो आणि कधी कधी माणूसही.

आधी आजचं बघू. हिमोग्लोबिन ६.२ म्हणजे कमीच आहे, पण आकडा बघून घाबरून रात्रीच गाडी करायची का नाही हे आकड्यावर ठरत नाही, लक्षणांवर ठरतं. आई बसल्या जागी धापा टाकत असतील, आडवं झाल्यावर दम कोंडत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडल्या असतील, डांबरासारखी काळी चिकट संडास होत असेल किंवा नाडी एकसारखी पळत असेल तर हे वाचत बसू नका, सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी न्या. शुगरच्या जुन्या पेशंटचं एक लक्षात ठेवा, त्यांना हार्ट अटॅक छातीत न दुखता येऊ शकतो, नुसता घाम, मळमळ, दम. रक्त इतकं कमी असताना हृदय आधीच दुप्पट काम करतं, त्यामुळं ईसीजी काढल्याशिवाय परत येऊ नका. संडास काळी झाली म्हणून लगेच घाबरू पण नका, आयर्नच्या सिरपनं सुद्धा काळी होते, फरक हा की रक्ताची संडास चिकट असते आणि वास वेगळाच घाण येतो.

अशी लक्षणं असली तर रक्त द्यावंच लागतं, त्यात वाद नाही. पण कसं द्यायचं ते सांगतो कारण इथंच जास्त घोळ होतो. किडनी खराब आहे म्हणजे पाणी बाहेर पडत नाही, पायावर सूज आहे म्हणजे अंगात आधीच पाणी साचलंय, त्यावर दोन पिशव्या भराभर सोडल्या की ते सगळं फुप्फुसात भरतं आणि पेशंट रक्त चढता चढताच घुसमटतो. म्हणून एका वेळी एकच पिशवी, ती पण पॅक्ड सेलची, म्हणजे नुसत्या लाल पेशींची, तीन-चार तासांत सावकाश, गरज पडली तर लघवी वाढवायचं इंजेक्शन देऊन, आणि आधी पोटॅशियम बघून, कारण साठवलेल्या रक्तात पोटॅशियम असतं आणि या पेशंटचं ते आधीच चढलेलं असू शकतं. ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांना डायलिसिस चालू असतानाच रक्त दिलं तर जास्तीचं पाणी लगेच काढता येतं. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण १ नं वाढतं. दम कमी झाला, ७ च्या वर आलं की थांबायचं, १० पर्यंत रक्तानं न्यायच्या भानगडीत पडायचं नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याकडं फार कमी लोकांना कुणी सांगतं. तुमच्या आईचं वय ५८, क्रिएटिनिन ४.१, हिशोब केला तर किडनीचं काम साधारण १२ टक्क्यांवर आलंय, म्हणजे शेवटची स्टेज. उद्या किडनी बदलायचा विषय निघू शकतो. बाहेरचं रक्त जितक्या वेळा घ्याल तितक्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायची शक्यता वाढते आणि मग जुळणारी किडनी मिळणं अवघड होऊन बसतं. बाईमाणसाला बाळंतपणातही अशा अँटिबॉडी झालेल्या असू शकतात, त्यात ही भर. आणि घरातलं कुणी, तुम्ही किंवा वडील, पुढं किडनी द्यायचा विचार करत असाल तर तुमचंच रक्त आईला अजिबात चढवू देऊ नका. रक्तपेढीत बदली म्हणून रक्त द्या, ते दुसऱ्याला जाईल, चालतं.

आता समजा आई बऱ्या आहेत, नुसता चालल्यावर दम लागतो. मग घाई नाही, पण तपासण्या नीट करायच्या. किडनी इपीओ नावाचं हार्मोन बनवते, ते हाडातल्या मगजाला सांगतं की लाल पेशी बनव. किडनी सुकली की इपीओ कमी, मग रक्त कमी. शुगरवाल्यांमध्ये हे बाकीच्या किडनीवाल्यांपेक्षा आधीच सुरू होतं, कधी कधी क्रिएटिनिन दीड-दोन असतानाच. हे झालं किडनीचं. पण नुसत्या किडनीमुळं ६.२ पर्यंत खाली गेलेला पेशंट दिसला की माझ्या डोक्यात लगेच येतं की सोबत अजून काहीतरी आहे, आणि बहुतेक वेळा असतंच. आयर्न कमी, बी-ट्वेल्व्ह कमी, कुठंतरी रक्त वाहतंय, नसता कुठंतरी जुना इन्फेक्शन मुरलाय, पायाच्या जखमेत म्हणा, लघवीत म्हणा.

म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला आयर्नचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून पेशींकडं किती आयर्न जातंय ते), बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड, सीआरपी (अंगात सूज, इन्फेक्शन आहे का ते), आणि संडासात लपलेलं रक्त आहे का ती तपासणी, हे एकदमच करून घ्या, आणि हे सगळं रक्त चढवायच्या आधी, नसता चढवलेल्या रक्तानं रिपोर्ट फिरतात. गोळ्या चालू आहेत त्यांच्या पट्ट्या सोबत न्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यात आई शाकाहारी असतील तर अजूनच. आणि मेटफॉर्मिन तर आता चालूच असायला नको, किडनी ३० टक्क्यांच्या खाली गेली की ती गोळी बंद करतात. पट्टीवर नाव दुसरंच असतं, आत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

दुसरी गोष्ट, गुडघ्याची गोळी. आपल्याकडं उसाच्या फडात, कापसाच्या शेतात आयुष्य गेलेल्या बायका, गुडघे कमरा दुखणारच, आणि मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय मिळतं. त्या गोळीनं किडनीही जाते आणि पोटात अल्सर होऊन थेंब थेंब रक्तही जातं, वर हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलं तर विचारूच नका. आईला सरळ विचाराल तर नाही म्हणतील, कारण गोळी म्हणजे शुगरची आणि बीपीची, दुखण्याचं ते काय औषध थोडंच, असं आपल्याकडं समजतात. उशीखाली बघा. भस्मं, काढे चालू असले तर तेही सांगा, काही भस्मांत शिसं सापडतं, आणि शिशानं किडनी आणि रक्त दोन्ही खराब होतात.

मूळव्याध आहे का, पाळी गेल्यावर परत अंगावरून जातं का, हे बाईमाणूस मुलासमोर सांगत नाही. बहीण किंवा बायकोला सोबत पाठवा. अनवाणी शेतात काम असेल तर आतड्यातल्या हूकवर्मचाही विचार करावा लागतो. किनवट-माहूरकडचा आदिवासी पेशंट असला तर सिकलसेलची, म्हणजे लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची, टेस्ट मी हमखास लिहितो. आणि रक्त कमी, किडनी खराब, सोबत सतत कंबरदुखी असं त्रिकूट असलं की मायलोमा नावाच्या, हाडातल्या मगजाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यावी, सगळं शुगरच्या नावावर खपवून मोकळं होऊ नये.

आता सिरपचं. दोन महिने घेऊन फरक का नाही? एक तर अंगात सूज, इन्फेक्शन असं काही चालू असलं, आणि किडनीच्या पेशंटमध्ये ते बहुतेक असतंच, की लिव्हर हेप्सिडिन नावाचा पदार्थ जास्त सोडतं आणि तो आतड्यातून आयर्न आत येऊच देत नाही, गोदामात माल आहे पण शटर खाली, तसं. दुसरं, ॲसिडिटीची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि जेवणावरचा चहा, हे तिन्ही आयर्न शोषू देत नाहीत. त्यात सिरपमध्ये साखर असते ते वेगळंच. ज्यांची किडनी अजून बरी आहे त्यांना गोळीनं एक ते तीन महिने बघायला हरकत नाही, आणि रोज तीन वेळा घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेली गोळी पोटाला सोसते आणि लागते पण. पण तुमच्या आईच्या स्टेजला शिरेतून आयर्न देणं हाच मार्ग.

रिपोर्टमध्ये दोन आकडे बघायचे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० च्या खाली आणि फेरिटिन १०० च्या खाली म्हणजे आयर्न खरंच संपलंय. पण फेरिटिन इन्फेक्शनमध्ये खोटंच वाढतं, त्यामुळं फेरिटिन ३०० आहे म्हणून आयर्न भरपूर असं समजू नका, सॅच्युरेशन १४ असलं तर पेशींपर्यंत आयर्न पोचत नाहीये. जगभरचे किडनीवाले वापरत आले त्या केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१२ च्या गाईडलाईनमध्ये सॅच्युरेशन ३० पर्यंत आणि फेरिटिन ५०० पर्यंत असलं तरी आयर्न देऊन बघायला सांगितलंय. आयर्न सुक्रोज असेल तर साधारण २०० मिलिग्रॅमचे पाच डोस होतात, सलाईनमधून सावकाश. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज असेल तर एका बसणीला जास्त जातं, फेऱ्या वाचतात, पण महाग पडतं. घरी सलाईन लावणाऱ्याकडून हे करून घेऊ नका, रिॲक्शन आली तर सांभाळायची सोय असलेल्या ठिकाणीच, आणि दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा. ताप असेल, पायाची जखम पिकलेली असेल तर आधी ते बरं करा, वाहत्या इन्फेक्शनमध्ये शिरेतून आयर्न देत नाहीत.

आता ते इंजेक्शन आणि लकव्याची भीती. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे वर सांगितलेलं इपीओच, नाही तर त्याचाच लांब टिकणारा भाऊ डार्बेपोएटिन. पाहुण्यांचं बोलणं हवेतलं नाही. २००९ साली ट्रीट नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात चार हजारांवर पेशंट, सगळे टाईप टू शुगर आणि किडनी खराब असलेले, अगदी तुमच्या आईसारखे. एका गटाला डार्बेपोएटिन देऊन हिमोग्लोबिन १३ वर न्यायचा प्रयत्न केला. निघालं असं की त्या गटात लकव्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं, ५ टक्के विरुद्ध २.६ टक्के, आणि हृदयाचा म्हणा, मरणाचा म्हणा, फायदा काही झाला नाही. त्याआधी २००६ मध्ये चॉईर आणि क्रिएट हे दोन अभ्यास पण हेच सांगून गेले होते की किडनीच्या पेशंटचं रक्त नॉर्मलला न्यायच्या नादात फायदा नाही, उलट धोका. म्हणून आता नियम असा की १० च्या खाली असेल तेव्हाच सुरू करायचा विचार, ११-११.५ च्या वर ढकलायचं नाही, आणि १३ तर कधीच नाही. थोडक्यात धोका जास्त चढवण्यात आहे आणि घाईनं चढवण्यात आहे. ६.२ वर असताना लकव्याच्या भीतीनं इंजेक्शनच न देणं आणि मग महिन्याला रक्ताच्या पिशव्या लावत बसणं, हा सौदा मला अजिबात पटत नाही. फक्त आधी कधी लकवा येऊन गेला असेल किंवा कॅन्सर असेल तर मात्र डॉक्टरला आठवणीनं सांगा, तिथं हिशोब बदलतो.

डोस वजनावर ठरतो, बऱ्याच ठिकाणी ४,००० युनिट आठवड्यातून दोनदा, पोटाच्या नाही तर दंडाच्या कातडीखाली, इथून सुरुवात करतात. पहिले दोन-तीन आठवडे काहीच दिसणार नाही आणि घरातले म्हणतील पैसे वाया. थांबा. महिन्याला १ ते २ नं वाढलं की बरोबर चाललंय, म्हणजे १० ला पोचायला दोन ते चार महिने धरा. दोन आठवड्यांत १ पेक्षा जास्त उडी मारली तर खूश होऊ नका, डोस कमी करायला सांगा. आणि बीपी. हे इंजेक्शन बीपी वाढवतं, आणि वाढलेलं बीपी हे लकव्याचं एक मोठं कारण. घरात बीपीचं मशीन घ्या, वहीत लिहा, वरचं १६० च्या पुढं जात असेल तर पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी फोन करा.

इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, परभणीहून मोटरसायकलच्या डिकीत आणलेलं इंजेक्शन गावात पोचेपर्यंत खराब झालेलं असू शकतं, दिसायला फरक नाही, काम मात्र नीट होत नाही. थर्मासमध्ये बर्फ घाला पण बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं तरी वाया जातं, फ्रीजरमध्ये तर नकोच. घरी फ्रीज नसेल, लाईट जात असेल तर तालुक्याला जिथं फ्रीजमध्ये ठेवतात तिथंच जाऊन टोचून घ्या. इंजेक्शन लागू पडेना म्हणून डोस दुप्पट करायच्या आधी मी हेच विचारतो की ठेवता कुठं. त्यानंतर आयर्न संपलं का, इन्फेक्शन आहे का, पॅराथायरॉईड (मानेतल्या ग्रंथीचं हार्मोन) वाढलंय का, डायलिसिस पुरेसं होतंय का, हे बघायचं.

गोळी पण आलीय आता, डेसिड्युस्टॅट, भारतातच बनलेली, २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, आठवड्यातून तीन वेळा घ्यायची. फ्रीजची कटकट नाही, टोचायचं नाही, गावाकडच्या पेशंटला सोयीची आहे. पण म्हणून ती साधी टॉनिकची गोळी समजू नका, हिमोग्लोबिनची मर्यादा इथंही तीच, आयर्न इथंही आधी भरायचं, आणि शुगरवाल्यांनी डोळ्याचा पडदा आधी तपासून घ्यावा असं मी सांगतो.

आता ज्या गोष्टीवर घरचे खूश आहेत त्यावर येतो, कारण तिथंच मला जास्त काळजी वाटायलीय. एचबीएवनसी ५.६. हा आकडा लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेचा असतो. किडनीच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. इपीओ सुरू झालं की नवीन कोऱ्या पेशी येतात, अजून कमी येतो. रक्त चढवलं की दुसऱ्याच माणसाच्या पेशी मोजल्या जातात, मग दोन-तीन महिने त्या टेस्टला अर्थच नाही. नुसतं आयर्न कमी असलं तर उलट खोटा जास्त येतो. म्हणजे तुमच्या आईच्या बाबतीत हा कागद बाजूला ठेवा आणि घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोटातून बघा.

त्यातही एक गंमत, गंमत कसली, धोकाच. हिमोग्लोबिन फार कमी असलं की बोटाचं मशीन साखर खरीपेक्षा जास्त दाखवतं. म्हणजे मशीन ९० म्हणतंय आणि खरी ७० असू शकते. आणि किडनी गेली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईडसारख्या गोळ्यांचा असर लांबतो, म्हणून शुगर रात्रीतून धाडकन पडते. शुगर गेली म्हणून आनंद करणाऱ्या घरात पहाटे आजी उठत नाहीत, घामानं भिजलेल्या सापडतात, हे मी पाहिलंय. आईला पहाटे घाम, बडबड, थरथर होत असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि त्याच दिवशी डोस कमी करून घ्या. या स्टेजला लिनाग्लिप्टिन नावाची शुगरची गोळी किंवा कमी डोसचं इन्सुलिन बसतं, पण ते तुमचे डॉक्टर बघून ठरवतील. मशीनवर भरवसा वाटेना तर शिरेतून लॅबची शुगर एकदा जुळवून बघा.

खाण्याचं सगळे विचारतात म्हणून सांगतो. बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे, हे रक्त वाढवायला म्हणून घरोघरी सुरू होतं. गुळातलं आयर्न नावापुरतं आणि साखर भरपूर, बीट-खजुरात पोटॅशियम, आणि या स्टेजला पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. नारळपाणी तर बंदच. ज्वारीची भाकरी खुशाल खाऊ द्या, अंबाडी, पालक असल्या भाज्या उकळून पाणी फेकून करा, डाळ पातळ. अंडं चालत असेल तर द्या, कारण पोट मारून प्रोटीन बंद केलं की माणूस वाळतो आणि रक्त अजून बनत नाही. लोखंडी कढईत भाजी करायला हरकत नाही, चमत्कार मात्र धरू नका. आणि दुकानात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते आणू नका.

खर्चाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, जिल्हा रुग्णालयातही सोय आहे. इंजेक्शन आणि आयर्न त्यात बसेल का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा. एरिथ्रोपोएटिनच्या किमतीत कंपनी-कंपनीत बराच फरक असतो, डॉक्टरला स्वस्तातलं लिहा म्हणायला लाजू नका. नांदेड, लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगरचं घाटी सरकारी रुग्णालय, कुठंही जा, पण एकदा किडनीच्या तज्ज्ञाला दाखवाच, १२ टक्के किडनीवर नुसतं हिमोग्लोबिनच्या मागं लागून चालणार नाही.

जाताना अजून दोन कामं करून घ्या. कावीळ बी ची लस सुरू करायला सांगा, किडनीच्या पेशंटला डबल डोस लागतो आणि पूर्ण कोर्सला सहा महिने जातात. आणि आई उजव्या हातानं कामं करत असतील तर डावा हात आजपासून राखून ठेवा. पुढं डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी जोडायचं छोटं ऑपरेशन, त्याच हातावर होणार आहे, म्हणून आयर्न, रक्त, सलाईन, तपासणीची सुई, बीपीचा पट्टा, सगळं उजव्या हाताला, आणि सुई शक्यतो पंजाच्या मागच्या शिरेत. सिस्टर घाईत असतात, डाव्या हाताची शीर चांगली दिसली की तिथंच टोचतात, तेव्हा तुम्हीच आधी सांगा.